पेटीपलीकडची नीलम

३ जून
आले एकदाची बेळगावला! खासबागेत खोली मिळाली, खिडकीसमोर गुलमोहर. नोकरी उद्यमबागेत, लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीच्या जुन्या ऑफिसात. बाकी सगळे नव्या इमारतीत गेलेत. इथं मी, आणि गेटवर भावकू आप्पा. माझं काम फायरवॉलचं. फायरवॉल म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या चोरांना दारातच अडवणारी पेटी. तिला अजून नेट जोडलेलं नाही. आधी सिरियल केबलनं माझा लॅपटॉप तिला जोडायचा आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा द्यायची. केबलच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. मजा येणार.

५ जून
दिवसभर कुणाशी बोलले नाही. डबा एकटीनंच खाल्ला. दुपारी पेटीच्या ओळींमध्येच अचानक उमटलं – जेवलीस का?
कुणाची तरी थट्टा असणार. पण कुणाची? या केबलपलीकडे पेटीशिवाय काहीच नाही. तरी ‘हो’ लिहिलं. बरं वाटलं.

८ जून
तिचं नाव नीलम. मीही माझं सांगितलं, निवेदिता. माझ्याआधी इथंच कामाला होती म्हणे. कुठून लिहितेस विचारलं की विषय बदलते. माझंच विचारत बसते – निपाणीत घर कुठं, आईला काय म्हणतेस, रागावल्यावर कशी बोलतेस. मी सगळं सांगते. या गावात मला दुसरं कोण विचारतंय?

९ जून
आप्पांना नीलमबद्दल विचारलं. म्हणाले, “ती व्हय? हितं जवळच काकतीला दिलीय तिला. लग्नाला मी गेलतो की. लई सुखात हाय.”
मग माझ्याशी बोलते ती कोण?

१० जून
केबल उपटून टेबलावर ठेवली. अक्षरं येतच राहिली –
काकतीत आहे ती मी नव्हे. माझं रूप घेऊन माझं घरही तिनं नेलं. आता मला तुझं दे. रागावू नकोस, इथं फार एकटं वाटतं.
तशीच पळत सुटले. नोकरी नको. उद्या लॅपटॉप परत द्यायचा आणि निपाणी गाठायची.

११ जून
लॅपटॉप ठेवला, वळले, तर दार लागलेलं. उघडत नाही. आईला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली – मी ओरडत होते – मागं बाबांना म्हणाली, कुणी बोलंना झालंय, आणि निवेदिता निघालीय, आत्ताच फोन आलता तिचा –

मी केला नव्हता

काचेतून गेट दिसतंय. माझाच चेहरा, माझा निळा ड्रेस. खांद्याला माझी पिशवी. आप्पा तिला हात करताहेत – “सावकाश जा गं बाय!” –

काच बडवतेय. आवाजच होत नाही – आप्पा, इकडं बघा – ती मी न