चार आठवडे हात लावायचा नाही

ती. स्व. मामांना,

साष्टांग नमस्कार. (आज तो अक्षरशः आहे. साबणाच्या वड्या अगदी खालच्या फळीवरही मांडल्यात, आडवं पडल्याशिवाय दिसत नाहीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. पत्राचं कारण लगेच सांगत नाही, कारण ते कळलं की तुम्ही पत्र बाजूला ठेवता.

तर, कारखाना सुरू झाला. (एक खोली, चार मांडण्या, एक पातेलं, पण पाटीवर कारखाना.) "मी महिनाभर येऊन बसतो तुझ्याजवळ," असं तुम्ही गेल्या वर्षी म्हणाला होतात. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, मामींना तोंडपाठ असेलच. तुमच्याऐवजी मी नवउद्योजकांच्या एका वर्गात नाव घातलं. तिथल्या मार्गदर्शकांना सगळे सर म्हणतात. माणूस भलताच उत्साही. बोलताना स्वतः बसत नाहीत आणि आपल्यालाही बसू देत नाहीत. त्यांचे तीन धंदे बुडाले, त्याला ते अनुभव म्हणतात. रोज काहीतरी करत राहा, हा त्यांचा मंत्र. मला तर जन्मात एका जागी बसता आलेलं नाही, त्यामुळे गुरू अगदी मनासारखा भेटला.

चाळीस वर्षं साबण केलेल्या माणसाला हे सांगायची लाज वाटते, पण सांगते. पहिली मोठी ऑर्डर एका हॉटेलची, हजार वड्या. मी साबण साच्यात ओतला, तारेने वड्या कापल्या आणि चौथ्या दिवशी कागदात गुंडाळून पाठवूनही दिल्या. चार आठवडे फळीवर सुकू द्यायच्या असतात हे मला माहीत होतं हो! पण सर म्हणाले, वाट बघणं ही फक्त मनाची सवय आहे. साबणाला हे कुणी सांगितलं नव्हतं. वड्या कागदातच आक्रसल्या, कागद त्यांना चिकटला, पाहुण्यांचे हात चुरचुरले आणि तिसऱ्या दिवशी सगळी खोकी परत माझ्या दारात. हॉटेलच्या मॅनेजरबाई ओरडल्या नाहीत. हळू बोलल्या, ते जास्त लागलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "अभिनंदन! हे तुमचं पहिलं अपयश!" आणि सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

आता नव्या हजार वड्या फळ्यांवर आहेत. आज अकरावा दिवस. काहीही करायचं नाही हेच काम, आणि तेच मला जमत नाही. दिवसातून तीनदा वजन करते, उलटवते, पुसते, खिडकी उघडते, लावते, पुन्हा उघडते. काल उगाच एक मांडणी सरकवली, एकोणीस वड्यांची टोकं गेली. प्रत्येक वडीवर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. (याला हस्तनिर्मित म्हणून खपवता येईल, असं सरांचं मत.) तुम्ही नुसती टिचकी मारून सांगायचात, झाली की नाही. मीही मारते. मला फक्त टक असं ऐकू येतं. ही ऑर्डर गेली तर खोली सोडावी लागेल आणि पुन्हा त्या विम्याच्या कचेरीत जावं लागेल. मला नाही जायचं, मामा.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. सरांनी गुरुवारी मला वर्गात बोलावलंय, नव्या लोकांना मार्गदर्शन करायला. विषय आहे 'धीर'. मी हो म्हटलंय.

ता. क. २. मॅनेजरबाईंनी मुदत वाढवून दिली ती माझ्याकडे बघून नाही, तुमची भाची आहे हे कळल्यावर. प्रत्येक वडी मामा स्वतः तपासतील, मगच माल निघेल, असं मी त्यांना सांगून बसलेय. तुम्हाला न विचारता. चुकलंच.

ता. क. ३. "तुमचा काळ गेला, मामा," असं मी म्हणाले होते. मामींना विचारायची गरज नाही, मलाही तोंडपाठ आहे. सल्ला नका देऊ हवं तर. उरलेले सतरा दिवस नुसते येऊन बसा आणि मी वडीकडे हात नेला की माझ्याकडे बघा.

ता. क. ४. पत्र पोस्टात टाकून उत्तराची वाट बघणं मला जमेना. दाराखालून मीच सरकवलंय. वाचून झालं असेल तर दार उघडा.