बैल की वळू

नाना, तुमचंच खरं होतं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, म्हणून तोंडावर सांगायची सोय राहिली नाही, नाहीतर एसटी पकडून गावी येऊन सांगितलं असतं. रडगाणं गायला बसलेली नाही. चूक माझी होती, मीच शोधली, मीच दुरुस्त केली, हे जरा तोऱ्यातच सांगतेय. तोरा तुमच्याकडूनच आलाय, लेक तुमचीच.

देवपूरचं ते भाड्याचं घर आठवा. दुपारची वेळ, तुम्ही भडगावहून आलेले, पिशवीत भरताची वांगी. माझा प्रबंध संपत आला होता आणि मार्गदर्शक सर चहाला बसले होते. टेबलावर एका मातीच्या जनावराचा फोटो. गिरणेकाठच्या जुन्या वस्तीच्या टेकाडात सापडलेलं, वीतभरही नसलेलं, तीनेक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी चिमटीने घडवलेलं. मी सरांना ऐटीत सांगत होते, की हा वृषभ म्हणजे कष्टाचं प्रतीक, नांगर ओढणाऱ्या बैलाची पूजा, थेट आपल्या पोळ्याचा पूर्वज. त्याचं वशिंड एका बाजूला कललं होतं. ते ओली माती कलंडल्यामुळे, असंही मी ठोकून दिलं. तुम्ही चष्मा न लावता फोटो लांब धरलात आणि म्हणालात, "हाऊ बैल नही शे. वळू शे."

"नाना, वृषभ म्हणजे बैलच."

"खच्ची करेल बैलनं वशिंड एवढं वाढस का? हाई भरीसन एक आंगे पडेल शे." आणि सर ऐकताहेत याची पर्वा न करता पुढे, "महादेवना देऊळमा लोके नंदीना मांगे हात लावतस, ते काबर?"

नंदीच्या वृषणांची गोष्ट, तीही सरांसमोर! सरांनी कपात तोंड घातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही आत बसा बरं," असं मी म्हटलं, आणि तो आवाज माझ्या कानात अजून आहे, कारण मी शिकवते त्या शाळेत दांडगट पोरांना तसंच म्हणते. तुम्ही आत गेलात, गॅसवर वांगी भाजलीत. सर गेल्यावर आपण भरीत-भाकरी खाल्ली. तेव्हा एवढंच म्हणालात, "तू शिकेल शे बेटा, तुन्हंच खरं व्हई." तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते आणि त्याच दिवशी विषय मिटला असता.

प्रबंध मान्य झाला, त्याचं पुस्तक झालं, कॉलेजातली मुलं त्यावर परीक्षा देऊ लागली. मग गेल्या वर्षी भडगावच्या अलीकडे आमची एसटी थांबते. रस्त्यात वळू आडवा उभा. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, कंडक्टर खाली उतरून टॉवेल हलवतोय, आणि तो ढिम्म. मी खिडकीतून पाहते, तर वशिंड डाव्या अंगाला पडलेलं, हुबेहूब फोटोतलं. मी मोठ्याने हसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय व्हयनं अक्का, घाबरन्यात का?" त्यांना काय सांगणार, की माझं अख्खं पुस्तक रस्त्यात उभं आहे म्हणून.

घरी येऊन सगळे फोटो पुन्हा काढले. पडलेल्या वशिंडाची जनावरं एक-दोन नव्हती, चांगली टोपलीभर होती. इतक्या जणांची माती एकाच रीतीने कशी कलंडेल? आपण पोळ्याला राबणाऱ्याला पुरणपोळी खाऊ घालतो, वळूला कुणी बोलावत नाही. त्या लोकांना मात्र गायी गाभण राहायला हव्या होत्या, गोठा भरायला हवा होता, म्हणून त्यांनी घडवला तो वळू. ही गोष्ट मला दिसली नाही याला माझा शब्द कारण. 'वृषभ' म्हटलं की दोन्ही जनावरं एकाच शालीखाली झाकली जातात. बाजारात बैल घ्यायला जाऊन वळू आणणाऱ्याला सगळं गाव हसतं. मी तेच केलं होतं, आणि मला पदवी मिळाली. नव्या आवृत्तीत ते प्रकरण मी मुळापासून लिहिलंय. आता कुणीही वाद घालायला यावं, मी तयार आहे.

हे पत्र प्रुफांच्या गठ्ठ्यात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? एकच सांगायचं राहिलं. तळटीप आहे: 'ही खूण एका जाणकार शेतकऱ्याने लक्षात आणून दिली.' आधी मी 'माझ्या वडिलांनी' असं लिहिलं होतं. मग खोडलं. विद्वान नाकं मुरडतील म्हणून नाही. एखाद्या विद्यार्थ्याने विचारलं असतं, "मॅडम, वडिलांनी सांगितलं तेव्हाच का नाही बदललंत?"