भागीची पेटी

मी, खाली सही करणारा, धंद्याने मोटारी आणि पंखे रिवाइंड करून देणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत टाचला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कुणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, की गोड बोलून सहीला बसवलेले नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, त्यात घराचे दोन सारखे वाटे होते. ते या लेखाने रद्द समजावे.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, रद्द केल्याचं कारण लिहायची गरज नसते."

मी म्हटले, "बाई, कारण न सांगता मी आजवर कुणाचा पंखासुद्धा परत पाठवलेला नाही."

माझे वारस दोघेच. मुलगा, ज्याला घरात थोरला म्हणतात, तो बायकोसह वरच्या मजल्यावर राहतो. मुलगी, जिला पाळण्यात असल्यापासून बडबडी म्हणतात, ती माझ्यासोबत खाली राहते. त्यांची आई आधीच गेली. पुढे लिहिलेले तिला बघावे लागले नाही, हे तिचे नशीब.

कलम पहिले, अवजारांचे. दुकानातील वायंडिंगचे हातमशीन, मीटर, सोल्डरगन आणि सगळे पाने-पक्कड बडबडीला. विकायचे की ठेवायचे ते तिने ठरवावे. तांब्याच्या तारेचे एक रीळ मात्र पलीकडच्या गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्याला द्यावे. जन्मभर त्याने ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली. एकदा तरी खरे तांबे हाताला लागू दे बिचाऱ्याच्या.

कलम दुसरे, पेटीचे. बाहेरच्या खोलीत फळीवर एक काळी पेटी आहे. विटेहून थोडी मोठी, पोटात दोन डिस्क, पाठीला वायर. दुकानदाराने तिचे नाव नॅस असे सांगितले होते, आम्ही पेटीच म्हणतो. घरातल्या कुणीही आपल्या मोबाइलवरून किंवा कॉम्प्युटरवरून तिच्यात फोटो, कागद, गाणी ठेवायची आणि बाकीच्यांनी आपापल्या जागी बसून ती बघायची. आणण्याची हौस थोरल्याची. "बाबा, सगळ्यांचं एका जागी राहील, हरवायचा प्रश्नच नाही," असे तो म्हणाला आणि पेटी माझ्यापुढे ठेवून वर निघून गेला. जोडली मी, चार दिवस व्हिडिओ बघून बघून.

जोडताना पेटी विचारते की, घरातल्या प्रत्येक माणसाला काय काय करू द्यायचे. नुसते बघू द्यायचे, भर घालू द्यायची, की पुसूही द्यायचे? मी सगळ्यांना तिन्ही हक्क दिले. घरच्या माणसांना कुठे कुणी कुलूप लावते? आपल्यात म्हण आहे, भागीचे घोडे किवणाने मेले. स्वारी सगळ्यांनी केली, जखम कुणी धुतली नाही. आमच्या पेटीतही प्रत्येकाने आपापला पसारा आणून ओतला आणि प्रत्येकाला वाटत राहिले की नीट ठेवणारा दुसरा कुणीतरी आहे.

कलम तिसरे, आवाजाचे. यात कुणाला काही द्यायचे नाही. पण हे वाचल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही, म्हणून मोठ्याने वाचावे.

बडबडी टेलिफोनवर तक्रारी घेण्याच्या नोकरीत होती. पाणी आले नाही, दिवे गेले, कुत्रे मेले, सगळ्यांच्या शिव्या ऐकून शेवटी माणसाला हसवून फोन ठेवायची. तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढले तर जीव राहील, आवाज राहणार नाही. ऑपरेशनला अवकाश होता. मी दुकानाच्या भिंतींना रजया टांगल्या, माइक मांडला, आणि आम्ही बापलेक तिचा आवाज साठवायला बसलो. एक शब्द, एक फाइल. "बाबा", "चहा गार होतोय", "दुखतंय", "गंमत केली", असे हजारो.

मध्येच ती एक सणसणीत शिवी बोलली.

"ही कशाला गं?"

"बाबा, आवाज गेला म्हणून काय गरीब गाय होऊ? घ्या, अजून दोन घ्या. तिसरी तुमच्या सूनबाईंसाठी."

मी घेतल्या. सगळे मिळून पेटीत ठेवले आणि त्या कप्प्याला नाव दिले "बडबड". ऑपरेशननंतर तिच्या हातात एक टॅब्लेट आला. शब्दावर बोट ठेवले की पेटीतून तो शब्द यायचा आणि टॅब्लेट तिच्याच आवाजात बोलायचा. पहिल्यांदा स्वयंपाकघरातून "बाबा, चहा गार होतोय" ऐकू आले तेव्हा मी दुकानातून असा उठलो की गुडघ्यांनासुद्धा कळले नाही.

कलम चौथे, ज्यामुळे हे मृत्युपत्र झाले त्या दिवसाचे. थोरल्याच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून त्याने हॉल घेतला, चार कॅमेरेवाले लावले. निघताना सूनबाई बडबडीला म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही घरीच थांबा ना. पाहुण्यांसमोर ते मशीन मधेच बोलायला लागलं की कसंतरीच वाटतं."

थोरला आरशात बघून टाय बांधत होता. तो म्हणाला, "नाहीतरी दारावर कुणीतरी लागेलच."

मी बसून राहिलो होतो, बडबडीनेच मला बळेबळे धाडले. ती दिवसभर एकटी दार सांभाळत राहिली.

हॉलवरून येताच थोरल्याने बूटही न काढता चारही कॅमेऱ्यांचे चित्रीकरण पेटीत भरायला घेतले. पेटी म्हणाली, जागा नाही. त्याने कुठल्या कप्प्यात सर्वांत जास्त नग आहेत ते बघितले. "बडबड" मध्ये हजारो निघाले. जास्त नग म्हणजे जास्त जागा, हा त्याचा हिशेब. तो सगळा कप्पा पुसला, पेटीतली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. जागा तरी होईना, तेव्हा मग जुने सिनेमे काढले आणि व्हिडिओ बसला. तिचा सगळा आवाज मिळून त्यांच्या केक कापण्याएवढाही जड नव्हता.

सकाळी बडबडीने "बाबा" वर बोट ठेवले. टॅब्लेट गप्प. परत ठेवले. मग ती माझ्याकडे बघत बोट ठेवतच राहिली.

पेटीत दोन डिस्क आहेत, एकीवरचे दुसरीवर जसेच्या तसे उतरते. पण आरशासमोर नाक कापले तर आरशातलेही जाते. दुसरीवरही काही नव्हते. डिस्कमधून पुसलेले काढून देणारा माणूस आणला. तो म्हणाला, "काका, त्या जागेवर आता व्हिडिओ बसलाय. खालचं निघायचं नाही."

मी वर गेलो.

"अरे, ते तिचं बोलणं होतं."

"नाव 'बडबड' होतं, बाबा. मला वाटलं फालतू असेल. आणि तुमच्याकडे कॉपी असेलच की."

"तुझ्याकडे आहे?"

"माझ्याकडे कशाला असेल?"

सूनबाई आतून म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मोबाइलमध्ये बाईचा आवाज आयता मिळतो. वन्संपेक्षा स्पष्ट बोलते ती."

थोरला हसला.

पुसल्याबद्दल मी पोटच्या पोराला बेघर केले नसते. चुकते माणूस. हे मृत्युपत्र त्या हसण्यावर लिहिलेले आहे, हे न्यायालयाने आणि नातेवाइकांनी नीट ध्यानात घ्यावे.

कलम पाचवे. पेटी थोरल्याला. आहे तशी, भरलेली. तिचा मुख्य पासवर्ड बडबडीकडे राहील. थोरल्याला आणि सूनबाईंना पेटीत फक्त बघण्याचा हक्क. भर घालता येणार नाही, पुसता येणार नाही. चारही कॅमेऱ्यांनी टिपलेला तो दिवस त्यांनी हवा तेवढा बघावा. तिसऱ्या कॅमेऱ्यात एक पाहुणी विचारते, "बहीण नाही आली?" आणि थोरला सांगतो, "तिला गर्दी सोसत नाही." हेही त्यात आहे. मी बघितले आहे.

कलम सहावे. राहते घर, खालचा आणि वरचा मजला, गच्ची, दुकान आणि बँकेतील सगळी ठेव बडबडीला. तिच्या डॉक्टरांनी हात राखू नये आणि तिने खर्चाला भिऊ नये. ती भिते, म्हणून लिहिले.

कलम सातवे, वरच्या मजल्याचे. माझी लेक मऊ आहे. मी गेल्यावर तेराव्या दिवसाच्या आतच ती भावाला म्हणेल, राहा. म्हणून अट घालतो. थोरल्याला माझ्या पश्चात वर राहायचे असेल तर बडबडीची संमती लागेल. ती तोंडी असावी, दोन साक्षीदारांसमोर असावी, "हो" या एकाच शब्दात असावी आणि तिच्या स्वतःच्या आवाजात असावी. लेखी चालणार नाही. मानेने चालणार नाही. मोबाइलमधल्या स्पष्ट बोलणाऱ्या बाईचा होकार तर मुळीच चालणार नाही.

आता तिच्या आवाजात काय उरले आहे तेही नोंदवतो. टॅब्लेट शेवटी बोललेले थोडे शब्द स्वतःच्या पोटात धरून ठेवतो. तेवढेच वाचले. ते त्या दिवशीचे आहेत, ज्या दिवशी ती दारावर होती. गुच्छ घेऊन आलेल्यांना ती म्हणाली होती, "कोण आहे?" आणि "वरचे घरी नाहीत". विक्रेत्याला "नको". गच्चीची टाकी भरणाऱ्याला "पुरे". आणि जो तो उघडे टाकून जायचा त्याला "दार लावा". संपले. यात "हो" नाही. त्या दिवशी "हो" म्हणावे असे तिला कुणी काही विचारलेच नव्हते.

वकीलबाई हे कलम वाचून म्हणाल्या, "काका, ही अट कोर्टात टिकायची नाही. आणि खरं सांगू? दुष्टपणा आहे."

"आहे. टिको न टिको, सगळ्यांसमोर वाचली तर जाईल?"

"वाचावी लागेल."

"मग झालं."

बडबडीला मी मसुदा दाखवला. ती पूर्वी वाचताना मोठमोठ्याने शेरे मारायची. आता शेवटपर्यंत वाचले, पाटी ओढली आणि लिहिले, "बाबा, मलाच त्याला हो म्हणायचं असेल तर?"

मी म्हटले, "मग त्यालाच विचार, तुझं 'हो' त्यानं कुठं टाकलं."

तिने खडू खाली ठेवला, टॅब्लेट जवळ घेतला आणि बोट ठेवले.

"पुरे," ती म्हणाली.

तिचाच आवाज होता. म्हणून यापुढे एकही कलम घालत नाही. लिहिलेले मात्र एक अक्षरही मागे घेत नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही केले. साक्षीदारांनी माझ्या देखत व एकमेकांच्या देखत सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, चहा सोडून.

सही: लिहून देणार, पंखे रिवाइंड करणारा

साक्षीदार पहिले: बडबडीवर ऑपरेशन करणारे डॉक्टर
साक्षीदार दुसरे: शेजारचे कुलूपवाले

ठिकाण: राहत्या घरी, खालच्या मजल्यावर
दिनांक: महिन्याचा पहिला गुरुवार, सकाळी, वरचे घरी नसताना