कासारणीच्या पालामागं दवाखाना

कुंभार पिंपळगाव, १२ जानेवारी १९९४

आज फार आनंद झालाय! साखर कारखाना, सरकारी दवाखाना आणि आम्ही नर्सबाया मिळून ऊसतोड बायांना तपासायला त्यांच्या राहण्याच्या तळावर जायचो, पण कुणी पुढं यायचंच नाही. शेवटी बायांची बैठक घेऊन त्यांनाच विचारलं. त्यांच्यातली कौसाबाई म्हणाली, "बाजारात कासारणीपाशी बसा. तिथं नवरे, मुकादम येत न्हाईत." कासारणीपाशी दवाखाना? मलाच पटेना.

आज कासारणीच्या पालामागं बसलो, तर रांगच लागली! बांगड्या भरून बाया सरळ आमच्याकडं. आठव्या महिन्यातली शांता सासूसोबत आली. पाय सुजलेले, रक्तदाब भलताच वाढलेला. जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल म्हटलं. सासू अडवेल, या भीतीनं मी तिच्याकडं पाहिलं.

"मंग थांबता कशाला? जीप काढा जल्दी!" म्हणत सासूच आधी चढून बसली.

संध्याकाळी निरोप आला. शांता सुखरूप आहे.