पापडाचा भाग

आबा, तुमची ती मालिका आता मोबाईलवर बघायला मिळते. सगळीच्या सगळी. लेकीने बंगळुरातून फोनवर समजावलं, इथं दाब, तिथं दाब, आणि आलं की हो समोर! तेच दोन खोल्यांचं घर आणि चार दिवस राहायला म्हणून आलेला, कधीच परत न गेलेला तोच मामा. माझे यजमान गेल्यापासून दुपारी घरात कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नसतो, म्हणून लावून ठेवते. परवा मामा धोतरासकट पाण्याच्या पिंपात बसला तेव्हा मी खो खो हसले आणि कुणाला तरी सांगायला मान वळवली. बाजूला इस्त्रीचे कपडे पडले होते. फार एकटं वाटलं, आबा. रडूच आलं. विनोदी मालिका बघून रडतेस काय बाई, असं स्वतःलाच झापलं आणि चहा टाकला.

ही सांगायची खोड तुम्हीच तुमच्या या लेकीला लावलीत. आठवड्यातून एकदा संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर मालिका लागायची, तेव्हा तुम्ही लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानात कामाला. घरी यायचात तोवर मी झोपलेली. म्हणून सांगणं दुसऱ्या दिवशी सकाळी, सायकलवर. परंदवडीहून निघायचं, मला तळेगावात शाळेला सोडायचं आणि मग तुम्ही घोरावाडीला लोकल पकडायची. मी कॅरिअरवर, दप्तर मांडीवर, आणि तुमच्या शर्टाला कितीही धुतला तरी गुळाचा वास. फाटा यायच्या आत तुम्ही विचारता, "हां, काल काय केलं मामानं?" मग मी सुरू. तुमचं तोंड मला दिसत नाही, नुसती पाठ दिसते, पण पाठीवरून सगळं कळतं. हसू आलं की ती गदगदते, पायडल थांबतं, सायकल आपली आपण पुढं जात राहते आणि मागच्या चाकाची टिकटिक ऐकू येते. कोण काय बोललं ते मी सांगायला लागले की तुम्ही म्हणता, "त्ये ऱ्हाऊ दे. दिसलं काय त्ये सांग. त्वांड कसं केलं त्यानं?" कोण कुठं उभं होतं, कुणाच्या हातात काय होतं, सगळं तुम्हाला पाहिजे. मला वाटायचं, काय हा खुळा हट्ट!

आठवीत माझी मस्ती वाढली. एकदा शाळेच्या फाटकाशी तुम्ही उतरलात, टॉवेलने डोळे पुसलेत आणि मामासारखी मान हलवून दाखवलीत, साधतंय का बघायला. वर्गातल्या पोरी बघत होत्या. मधल्या सुट्टीत एकीने तुमची नक्कल केली, मानेसकट. "व्हय गं, मंग काय झालं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तेच आता जास्त लागतं. पुढच्या आठवड्यात फाट्याच्या अलीकडे तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, काल काय केलं मामानं.

"काल लागलीच न्हाई," मी म्हणाले. "क्रिकेट व्हतं."

"क्रिकेट?"

"व्हय."

तुम्ही पायडल मारत राहिलात. फाटा मागं पडल्यावर म्हणालात, "आसंल, आसंल." त्याच्या पुढच्या वेळी मी लाइट गेल्याचं सांगितलं. मग अभ्यासाचं निमित्त काढलं. मग पोरींबरोबर एसटीने जायला लागले आणि तुमचं विचारणंही बंद झालं. खोटं पचलं असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्ही गेलात तेव्हा खूप रडले, पण तेव्हाही हे आठवलं नाही.

गेल्या रविवारी मालिकेच्याच नादात उठले आणि लोकलने लोणावळ्याला गेले. तुमच्या दुकानाला आता काचेचं दार आहे. पण पुढचा ओटा तिथंच, गिऱ्हाइकाला ताजी चिक्की होताना दिसावी म्हणून. तुमच्या वेळी पॅकिंगला बसायच्या त्या मावशी कोपऱ्यात खुर्चीत होत्या. आता सून कामाला येते आणि या नुसत्या सोबतीला. मला बघून म्हणाल्या, "आबाची न्हवं का तू? नाक त्येच." मी मालिकेचा विषय काढला तर त्यांनी ओट्याच्या वर भिंतीकडं बोट केलं.

"हितं व्हता टीव्ही. त्वांड गिऱ्हाइकाकडं. आमी खाली वड्या कापतोय, आमाला नुसता आवाज. मान वर करून तरी काय, टीव्हीचं बूड दिसायचं! तुजा बाप म्हनायचा, थांबा, सकाळच्याला पोरगी सांगंल. आन् दुसऱ्या दिशी पाक घोटता घोटता समदं करून दाखवायचा. लय हसवलं गं त्यानं."

मावशी आपल्या बोलतच होत्या. "एक डाव तर टीव्हीत कुनी बोलंचना, आन् गिऱ्हाईक पोट धरून हसतंय. आबा म्हनला, उद्या कळंल. दुसऱ्या दिशी आला तर म्हनला, पोरीची परीक्षा हाय, लवकर झोपली बिचारी. काय व्हतं गं त्या भागात?"

मला माहीत होतं. अर्धा किलो शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि स्टेशन गाठलं. गाडीत एकच घोळत होतं. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. सबंध भाग तुम्ही कानाने ऐकला होता, तरी मला "आसंल" म्हणालात आणि तिकडं दुकानात माझी बाजू सावरलीत. एक धपाटा घातला असतात तर परवडलं असतं हो!

हे पत्र कुठं पाठवणार? चिक्कीच्या खोक्यात ठेवीन. मावशींनाही सांगेन पुढच्या रविवारी, पण आधी मान तुमचा.

तर ऐका. घरातलं बाळ महत्प्रयासाने झोपलंय. पाळण्याशेजारीच पंगत बसलीय आणि प्रत्येकाच्या ताटात पापड. मोडायची कुणाची हिंमत नाही. आजोबा पापडाकडं बघतात, पाळण्याकडं बघतात, परत पापडाकडं. मामा अख्खा पापड हळूच कढीत बुडवतो आणि तो मऊ व्हायची वाट बघत बसतो, श्वास रोखून, डोळे मिटून, देवासमोर बसावं तसा. मग एकेक जण तसंच करतो. शेवटी सगळे कढीतला पापड चमच्याने खातात आणि तेवढ्यात मामाला ठसका लागतो. तोंडात पदराचा बोळा कोंबतो, आबा, शेजारी बसलेल्या मामीच्या पदराचा! इथं तुमचं पायडल थांबलं असतं.

क्रिकेट नव्हतं त्या दिवशी. शेजारच्या काकूंकडं मी सगळ्यात पुढं बसले होते.