सतरा वर्षांच्या फ्रिजची भवानी

कोरेगाव, जि. सातारा

आदरणीय आप्पासो दाजी यांना नाथाजीचा रामराम.

तासगावात द्राक्षाची छाटणी उरकली असेल. तुमची कंबर कशी आहे? आमची विजू जेवणात मीठ कमी घालते ना? तिला सांगा, दादा मजेत आहे. (मजेत नाही, पण तिला हेच सांगा.) पोस्टानं पत्र आलं म्हणून दचकू नका. गेले बारा दिवस तुमचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. तासगावात एवढा डोंगर कुठून आला, ते कळत नाही.

तर झालं असं. आमच्या पोरीला, क्रांतीला, नर्सिंगला प्रवेश मिळाला. वीस तारखेपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा गेली. म्हणून शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन, कडक इस्त्री करून मी बँकेत गेलो (माजी सैनिकाला निदान खुर्ची मिळते). साहेबांनी माझा क्रेडिट रिपोर्ट उघडला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पलटणीची तोफ विकून आलोय. विजूच्या लग्नात, २००८ साली, हप्त्यावर घेऊन दिलेल्या फ्रिजचे शेवटचे तीन हप्ते थकीत! तेव्हाचे सत्तावीसशे, आताचे अडतीस हजार चारशे.

ज्या फायनान्स कंपनीनं कर्ज दिलं ती केव्हाच बुडाली. सांगलीतल्या तिच्या ऑफिसात आता केशकर्तनालय आहे (गेलोच होतो, तर कटिंग करून आलो). बुडता बुडता तिनं माझं कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं, दुसरीनं तिसरीला. खरसुंडीच्या बाजारात म्हातारा बैल फिरतो तसं. फक्त बैलाची किंमत दर बाजाराला उतरते, याची चढते. विकताना मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सत्तावीसशेला मीच घेतलं असतं.

सगळे हप्ते भरलेत, अशी तक्रार मी लिहून दिली. इकडं तिसऱ्या कंपनीच्या अंकिता नावाच्या मुलीचा रोज सकाळी फोन. दोन दिवस मी तिच्यावर खवळलो. तिसऱ्या दिवशी तिचाच आवाज रडवेला. "काका, सकाळधरनं भवानी बी झाली न्हाई वं. सायेब लय वरडत्यात." कुठली गं तू, म्हटलं, तर जतची निघाली. मग गावात टँकर येतो का, आई कशी आहे, सगळं निघालं. आणि भवानी मागणाऱ्याला मोकळं पाठवायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण. पाठवले पाचशे. (क्रांतीनं कपाळावर हात मारून घेतला.)

आठ दिवसांत कंपनीचं उत्तर आलं: कर्जदारानं चार तारखेला पाचशे रुपये भरले, अर्थात कर्ज त्याला मान्य आहे. सतरा वर्षं झोपलेलं कर्ज मीच पाचशे रुपये मोजून उठवलं. बँकेचे साहेब म्हणतात, जुनी पावती दाखवा, नाहीतर पूर्ण भरा; तडजोड केली तर रिपोर्टात तोही डागच. पोरगी धड जेवत नाही, दाजी. मलाही घास उतरत नाही.

आपला,
नाथाजी

ता. क.: ते शेवटचे तीन हप्ते. सीमेवर जाताना मी ते सांगलीत भरायला तुमच्याकडं रोख दिले होते. पावती तेवढी पाठवा. दाजींवर संशय घ्यायची आपल्याकडं रीत नाही. त्या दिवाळीत तुमच्या मोटरसायकलचे दोन्ही टायर नवे होते, हे मी निव्वळ कौतुकानं लिहितोय.

आणखी एक: पावती नसेल तर रक्कम पाठवा. विजूला मात्र कळू देऊ नका. भावानं दिलेला फ्रिज म्हणून ती अजून पाहुण्यांना दाखवते.

शेवटचं: पाकिटासाठी डिंक आणायला गेलो, तेवढ्यात क्रांतीनं या पत्राचा फोटो आत्तीला पाठवला. संध्याकाळी विजूचा फोन. "दादा, फ्रिज हितंच ऱ्हाईल. ह्यांची नवी गाडी इकली. उद्याच्या यस्टीनं पैसं घिऊन येती." म्हणजे हे पत्र हातात पडेल तेव्हा तुम्ही पायी असाल. चालणं कंबरेला चांगलं असतं, दाजी.