मागची सीट

बाबा, तुमची गाडी मी काढून टाकतो आहे. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं ती का ठेवली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. प्रेमामुळे ठेवली नाही, एवढं मात्र नक्की.

मी जनावरांचा डॉक्टर. गाभणीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो, अळ्या पडलेल्या जखमा धुतो, आणि तसाच घरी येऊन जेवतो. मला कशाची किळस येत नाही. पण त्या गाडीचं दार उघडलं की मी तोंड फिरवतो. छताचं कापड सुटून डोक्यावर लोंबतं. एसी लावला की मेलेल्या उंदराचा वास येतो, आणि त्यामागून अजूनही तुम्ही ज्याचे ड्रायव्हर होतात त्या ठेकेदाराचं अत्तर. जाळीतून कोळशाची काळी भुकटी उडते. तुम्ही त्याला खाणीवर नेत होतात तेव्हाची ती भुकटी, कितीही साफ करा, संपत नाही. पुढच्या चाकांवरच्या हवेच्या पिशव्या गळतात, त्यामुळे सकाळी गाडी नाक जमिनीला टेकून उभी असते. एक नीट केली की दुसरी बसते. तुमचे दोस्त मेकॅनिक चाचा यवतमाळहून दर वेळी येतात. मागच्या खेपेला हात पुसत म्हणाले, "पाहा डॉक्टर, जीव असन तर ठेवा, नसन तर मोकळे व्हा. अशी मधात नका लटकवू."

जीव तुमचा होता. मला आठवतो तो दिवस मी दहावीत असतानाचा. शाळा सुटून मी वणीच्या चौकात उभा आहे आणि ही गाडी समोर थांबते. मागची काच खाली होते, ठेकेदार खर्ऱ्याची पिंक टाकतो, ती दारावरच ओघळते. तुम्ही पांढऱ्या कपड्यांत उतरता, खिशातला रुमाल काढून दार पुसता, रुमालाची नीट घडी घालून परत खिशात ठेवता. तुम्ही मला पाहिलंत आणि हसलात. त्या संध्याकाळी आई मोरीत तो रुमाल घासत होती आणि मला जेवण गेलं नाही.

पुढे ठेकेदाराने नवीन गाडी घेतली आणि ही तुम्हाला विकली, बक्षीस दिल्यासारखी. आपण उमरखेडकडे आईच्या माहेरी निघालो. तुम्ही आईला मागे बसवलंत आणि मला म्हणालात, "चपला बाहेर काढ." मी विचारलं, आता गाडी आपली आहे ना? तुम्ही माझ्या पायांकडे बोट केलंत. मी अनवाणी बसलो, आईनेही चपला हातात घेतल्या. आणि तुम्ही, स्वतःच्या गाडीत, तेच पांढरे कपडे घालून गाडी चालवत होतात. अर्ध्या रस्त्यात आईला ओकारी झाली. तुम्ही गाडी थांबवलीत, आणि सीट पुसताना तुमचा चेहरा असा झाला होता, जणू कुणाला तरी त्याचा जाब द्यायचा आहे. मला तेव्हा तुमची कीव यायला हवी होती. आली ती शिसारी.

आता ठेकेदारही गेला. मागच्या आठवड्यात त्याचा मुलगा घरी आला. नवीन बंगल्याच्या पोर्चमध्ये वडिलांची आठवण म्हणून ही गाडी ठेवायची आहे म्हणाला, रंगरंगोटी करून. मला बरंच वाटलं, ब्याद जाईल. चालवून पाहा म्हणून मी किल्ली पुढे केली. त्याने ती घेतलीच नाही. सरळ मागचं दार उघडून बसला, पाय ताणले, म्हणाला, "चाल, एक चक्कर मारून पाहू." माझ्याच वयाचा आहे तो. आणि बाबा, मी स्टिअरिंगवर बसलो. गल्ली ओलांडून डांबरी रस्त्याला लागलो, एका खड्ड्यात चाक आदळलं. मागून तो म्हणाला, अगदी मायेने म्हणाला, "तुहा बाप असा गचका नव्हता लागू देत."

मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरून त्याचं दार उघडलं. गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तो गोंधळला. "काहून? काय झालं?" त्याला खरंच कळलं नव्हतं. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

सोमवारी चाचा टोचन लावून गाडी ओढत नेणार आहेत. कामाचे भाग काढून घेतील, उरलेला सांगाडा भंगारात कापला जाईल. मी कापायलाच सांगितलं आहे, म्हणजे ती कुणाच्या पोर्चमध्ये उभी राहणार नाही. आई नाही म्हणाली नाही. तिने फक्त मागच्या सीटवरची तिने शिवलेली खोळ काढून आणली आणि चुलीत घातली.

हे पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहितो. त्या दिवशी रस्त्यावर मी त्याचं दार उघडून धरलं तेव्हा नेमकं काय म्हणालो, ते मी घरी सांगितलेलं नाही. म्हणालो, "उतरा, मालक." हा तुमचा शब्द, बाबा, मी जन्मात कधी वापरला नव्हता.